माळ्यावरचा रकाना

रविवारची दुपार होती आणि काम चहा गार व्हायच्या आत संपणारं होतं, निदान वादळला तसं वाटत होतं. वादळ म्हणजे हॉस्पिटलच्या तळघरात बसून तिथला डेटाबेस सांभाळणारी पोरगी. हे नाव तिला ठेवलं तिच्या साहेबांनी, आणि त्यांना ‘परतकाका’ हे नाव ठेवलं तिने. माणूस भला, पण धोशा एकच. डेटाबेसात काही बदलायचं तर त्याची फाइल लिहायची. वरच्या अर्ध्यात बदल आणि खालच्या अर्ध्यात तो मागे घ्यायची वाट. ही परतीची वाट लिहायचा वादळला भारी कंटाळा. काका मागे लागून लागून लिहून घ्यायचे. गेल्या महिन्यात ते वारले, आणि आता मागे लागणारं कोणी उरलं नाही.

आज तिने एक जुना रकाना काढायची फाइल लिहिली, खालचा अर्धा भाग कोराच ठेवला, फाइल चालवली आणि कप उचलला. तोच फोन वाजला. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर.

“अगं, काय केलंस? उद्या सकाळी ऑपरेशनं आहेत, आणि कुणाला कुठलं औषध चालत नाही तो रकानाच दिसेना!”

वादळने कप ठेवून पडद्यावर पाहिलं. घाईत शेजारचा रकाना उडाला होता! तिने ‘मागे घे’ असा हुकूम दिला. ‘घेतलं,’ असं पडद्यावर उमटलं. घेतलं कसलं डोंबल! वाट कोरी, म्हणजे काहीच न करता यंत्र खूश. रडकुंडीला येऊन तिने पुन्हा तोच हुकूम दिला, आणि यंत्राने आणखी एक पायरी मागे जाऊन आधीच्या आठवड्यातली फाइल मागे घेतली.

दिवे किंचित मंदावले. यंत्रांची घरघर चालूच होती, पण तिच्यात दुसरा आवाज मिसळला... सपक, सपक... चपलांचा. मग लवंगेचा वास आला. काका दिवसभर लवंग चघळायचे.

वादळने मान वळवली नाही. वळवेनाच.

“काका...?”

“रकाना उडवलास ना?” मागून आवाज आला. “आणि वाट लिहिली नाहीस.”

“नाही...” भीती होतीच, पण शाळकरी पोरीसारखी लाजही वाटत होती.

“माळ्यावर बघ.”

“कुठल्या माळ्यावर?”

“डेटाबेसात ‘माळा’ नावाचा तक्ता आहे. काहीही काढलं की त्याची नक्कल आधी तिथे जाते. मीच सोय करून ठेवलीय.”

“मग कधी सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू जन्मात वाट लिहिली नसतीस!”

भीतीतही तिला खुदकन हसू आलं. माळ्यावर सगळं होतं, एकूण एक पेशंटचं. तिने रकाना पुन्हा घातला, नोंदी भरल्या, आजची चुकार फाइल खोडून टाकली. “आलं गं बाई, आलं!” म्हणत सिस्टरांनी फोन आपटला.

मग तिने पाहिलं, दुसऱ्या हुकमाने कोणती फाइल मागे घेतली गेली ते. कर्मचाऱ्यांच्या यादीतून काकांचं नाव काढणारी, तिनेच लिहिलेली. ती मागे घेतल्याने नाव यादीत परत आलं होतं. कुणी मागे न लागता वाट लिहिलेली तिची ही एकच फाइल. तेव्हा नाव नुसतं पुसून टाकायला तिचा हात धजला नव्हता.

“म्हणून तर येता आलं,” काका म्हणाले. “चल, चालव आता ती पुन्हा.”

“थोडा वेळ थांबा ना, काका...”

“चहा गार होतोय तुझा, वादळ.”

डोळे पुसत तिने हुकूम दिला. लवंगेचा वास विरला, दिवे पुन्हा लख्ख झाले. खोली एकदम मोकळी वाटली, आणि तिला फार वाईट वाटलं.

निघताना तिने गिट उघडलं. कोणती फाइल कुणी लिहिली ते तिथे सहीसकट राहतं. रांगेत एक नवी फाइल येऊन बसली होती, अजून न चाललेली. सही काकांची. तारखेची जागा मोकळी. वरच्या अर्ध्यात कर्मचाऱ्यांतून एक नाव काढलेलं होतं. तिचं.

खालच्या अर्ध्यात काकांनी परतीची वाट लिहून ठेवली होती... अगदी नीट, कसलीही घाई न करता.