चौथा ठोका

"अहो मॅडम, हात मागे! तो आम्लाचा नळ आहे, साबणाचा नाही!"

वाफेतून आधी आवाज आला, मग ओल्या मिशा, मग हसू. जांदिराला तादेऊ असा भेटला.

रस काढून उरलेल्या संत्र्याच्या सालींवर सौम्य आम्ल आणि वाफ मारायची, मग तो लगदा यीस्टला देऊन त्याचं इंधन करायचं, हे तिचं काम. पण सालींतलं तेल यीस्टचा जीव घेई. दोन घाणे वाया गेले होते. तिसराही मेला तर विभाग बंद आणि जांदिरा परत आपल्या गावी बेलेंला, दोन दिवसांच्या प्रवासावर.

दुमजली टाकीच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला तो. रोज चाचणीचा थोडा लगदा, आणि घाण्याला सगळा, झडप उघडून खाली सोडण्याआधी तिनं पान्यानं पत्र्यावर तीन ठोके द्यायचे, त्यानं तीन परतवायचे, अशी तिथली रीत. त्या तिनांनंतर, जरा थांबून, एक हळुवार चौथा ठोका येई... अगदी तळाकडून. तादेऊच तो, वाह्यात मेला, असं म्हणत ती लाजायची. आत उकळता लगदा असूनही तिथला पत्रा गार कसा लागतो, हे मात्र तिला कळेना.

"आज फार खुशीत दिसता," जेवताना तादेऊ म्हणायचा.

"तुम्हाला ठाऊक आहे की कशामुळे!"

तो कानापर्यंत लाल व्हायचा, आणि बोलणं घेवड्याच्या भातावर यायचं.

तिसऱ्या घाण्याला चौथा ठोका आलाच नाही. ती रुसून थांबली. पलीकडे तोही थांबला. वीस मिनिटं वरच्या धुराड्यातून वाफेबरोबर तेलाचा वास भसाभस बाहेर पडत राहिला. मग तळातून... टक्. तिनं झडप उघडली.

दुसऱ्या दिवशी, तेल उडून गेलेल्या लगद्यात, यीस्टला हा एवढा फेस आला, घाणा वाचला! जांदिरा धावतच पलीकडे गेली.

"काल एवढा उशीर का केलात?"

"मी? मी तर तुमच्या चौथ्या ठोक्याची वाट बघत होतो. रोज तुम्हीच देता ना?"

तिनं वळून टाकीच्या गार तळाकडे पाहिलं.

"या टाकीवर... आधी कोण होतं?"

"आन्सेल्मोकाका. लगदा घाईनं सोडला की फार चिडायचे." त्याचा आवाज खाली गेला. "गेल्या मोसमात इथंच पडले आणि गेले, टाकीच्या पायथ्याशी."

जांदिराला भीती वाटली, पण त्याहून जास्त रडू येत होतं.

"म्हणजे तुम्ही मला कधी काही सांगितलंच नाहीत. मीच आपली वेडी..."

"सांगायचं होतं गं. रोज." घाबरत, तीनदा थबकून, त्यानं तिच्या तळहातावर बोटानं एकदाच ठोकलं. "हा मात्र माझा."

"बावळट आहेस," ती म्हणाली, आणि मूठ मिटून घेतली. "मी बेलेंला जात नाही."

टाकीच्या तळाकडे बघायचं दोघांनीही टाळलं.