क्वामच्या पंपाखालचे पाणी

ही घटना खरी आहे. खरी म्हणजे काय, असे वाचक विचारील, आणि त्याने विचारावेच. ज्याच्या बाबतीत ती घडली, त्याचा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. आणि जे त्याने पाहिले, ते त्याने पुन्हा ताडून पाहिले. याहून अधिक खरेपणा मी कोणत्याही घटनेकडे मागत नाही.

स्थळ अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैर्ऋत्येचे एक लहान गाव. वेळ नोव्हेंबरातली ढगाळ दुपार. बर्फ अजून पडायचा होता, पण जमीन गोठू लागली होती.

ऑरिन ट्वेट त्या गावी येऊन येऊन थकला होता.

बंद पडलेल्या पंपांच्या जमिनीत मुरलेले पेट्रोल शोधायचे आणि ते निघेपर्यंत तिथे येत राहायचे, हे त्याचे काम. लाइल क्वामच्या पंपाच्या गंजक्या टाक्या केव्हाच उपसून नेल्या होत्या. भिजलेली माती ट्रक भरभरून हलवली होती. उरलेल्या मातीतले पेट्रोल उडून जावे म्हणून वर्षानुवर्षे तिच्यात यंत्राने हवा सोडली होती. दरम्यान लाइलही वारला. आता तिथे होती खडी, एक कुलूपबंद खोली आणि तपासणीच्या चार विहिरी. विहीर म्हणजे काय, तर जमिनीत उभा गाडलेला, मनगटाएवढा नळ.

मागच्या खेपांना चारही विहिरींचे पाणी स्वच्छ निघाले होते. हीही खेप तशीच गेली, की सरकार 'काम संपले' असे पत्र देणार होते. त्या पत्रावर आर्डिसचा जीव टांगलेला होता. आर्डिस ही लाइलची विधवा. पंपामागच्या घरात एकटी राही. पत्राशिवाय घर कोणी घेईना. आणि घर विकल्याशिवाय, रिकाम्या हाताने, दूर मँकेटो शहरात मुलीच्या दारी जायचे नाही, असा तिचा हट्ट.

"या वेळी तरी जमेल ना रे?" कॉफीचा पेला त्याच्या हातात देत तिने विचारले.

"मिसेस क्वाम, पाणी माझं ऐकत नाही."

"माझा नवरा तरी कुठं ऐकायचा! लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा म्हणायचा, 'एवढ्या एका गाडीत पेट्रोल भरतो आणि येतो.' अजून यायचाय."

ती आत गेली.

तीन विहिरी स्वच्छ निघाल्या. चौथी त्या कुलूपबंद खोलीच्या दाराशी होती. ऑरिनने झाकण काढले आणि मोजफीत आत सोडली. फितीच्या टोकाला एक धातूचा ठोकळा असतो. तो पाण्याला टेकला की फीत तुटक वाजते. पेट्रोलला टेकला की सलग.

तो कान देऊन उभा राहिला...

टण-टण.

ही फीत नव्हती. ही घंटा होती.

पूर्वी पंपावर रबराची नळी आडवी टाकलेली असे. तिच्यावरून चाक गेले, की आत दोनदा घंटा वाजे आणि माणूस बाहेर येई. इथली नळी टाक्यांबरोबरच गेली होती. आणि आवाज खोलीतून आला नव्हता...

तो विहिरीतून आला होता.

मागच्या घराचे दार उघडले. "कोण आलंय?" आर्डिसने विचारले.

"कोणी नाही."

"घंटा वाजली की."

"तुम्हालाही ऐकू आली?"

"कान म्हातारे झालेत माझे, मेले नाहीत."

ऑरिनने फीत आणखी खाली सोडली. ती वाजू लागली.

सलग... थांबेचना.

त्याने उपसानळी खाली सोडून वर ओढली. आत पेट्रोल होते. लाल, झळझळीत, आत्ताच टाकीतून काढल्यासारखे. पूर्वी शिसे मिसळलेल्या पेट्रोलला तसा रंग देत. कुठल्याही पंपावर ते मिळेनासे होऊन एक पिढी लोटली होती.

चूक आपलीच असणार, असे त्याने आधी धरले. नमुने घ्यायच्या दिवशी या धंद्यातला माणूस स्वतःच्या गाडीत पेट्रोल भरत नाही. हाताला लागलेला थेंबही पाण्याचा नमुना बिघडवतो. पण त्याने टाकी आदल्या दिवशी भरली होती. हातमोजे कोरे होते. आणि हाताला लागलेल्या थेंबाने नळी भरत नाही.

आर्डिस जवळ आली. तिने नळीकडे पाहिले, वास घेतला.

"हे त्याचं आहे," ती म्हणाली. "मुलीला परवाच फोन केला, पत्र मिळालं की या महिन्यात येते म्हणून. मी कुठं निघाले की याचं काहीतरी निघायचंच."

मग दुखऱ्या गुडघ्यांवर कशीबशी वाकून ती नळाच्या तोंडाशी बोलू लागली. आवाज चढवला नाही.

"लाइल, पुरे झालं. आयुष्यभर तुझ्या एका गाडीसाठी जेवण झाकून ठेवलं मी. आता दमले. जाऊ दे मला."

ऑरिनने फीत पुसली आणि पुन्हा सोडली. पाण्याची पातळी आली... गेली. फीत गप्प. ठोकळा तळाच्या चिखलावर टेकला, तरी गप्प. लाल पेट्रोल नाही. पाणीही नाही. शेजारच्या तिन्ही विहिरी भरलेल्या, आणि ही कोरडी ठणठणीत.

"म्हणजे झालं का स्वच्छ?" आर्डिसने विचारले.

"नाही. पाणीच नाही, तर ते स्वच्छ कसं ठरवायचं? पत्र मिळणार नाही, मिसेस क्वाम."

"मग मी पत्राशिवाय जाते," ती म्हणाली. "रिकाम्या हाताने."

त्याच आठवड्यात ती एक बॅग घेऊन, आपली जुनी निळी गाडी चालवत मँकेटोला गेली. घर तसेच राहिले.

फेब्रुवारीत ऑरिन पुन्हा आला. चौथी विहीर भरली होती. पाणी निर्मळ. प्रयोगशाळेनेही तेच सांगितले. लाल थेंबाचा मागमूस नव्हता. मातीत सांडलेले नाहीसे होत नाही, सरकते, हे त्याला इतक्या वर्षांत पुरते कळले होते.

पत्र आता मिळेल, हे सांगायला त्याने मुलीला, मॅरिटला, फोन केला.

"आईला सांगते. बरी आहे ती," मॅरिट म्हणाली. "एक विचारू? आमच्या गल्लीत रोज सकाळी सगळ्या गाड्यांच्या काचा बर्फाने पांढऱ्या असतात. आईच्या गाडीची पुढची काच तेवढी पुसलेली असते. पंपावर पुसायचे ना, तशी. वरपासून खालपर्यंत."

"आई काय म्हणते?"

"काही नाही. रोज एक ताट जास्तीचं वाढते आणि झाकून ठेवते." "ऑरिन, पेट्रोल जमिनीखालून किती लांब जाऊ शकतं?"

या प्रश्नाचे उत्तर त्याला पाठ होते. फार तर पुढच्या गल्लीपर्यंत. शेकडो लोकांना त्याने ते सांगितले होते.

या वेळी मात्र त्याच्या तोंडून ते निघेना...