विनुभाऊंच्या पोटातलं मडकं

"कच्चा हिरडा आन् तुमचा मडक्यातल्या ताकात मुरवलेला हिरडा, फरक फक्त नखऱ्याचा!" विनुभाऊ ढोमणे शेजारच्या डॉ. सुलभाताई गावंड्यांना म्हणाले. सन २०६१, अकोला. ताईंची प्रयोगशाळा इमारतीच्या तळमजल्यावरच होती.

"लावता पैज? चाळीस दिवस तुम्ही कच्चा खा, मी मुरवलेला. प्रक्रियेशिवाय तुमचा रोगप्रतिकाराचा अंक माझ्याइतका झाला, तर मी आठ दिवस गच्चीवरून ओरडीन, विनुभाऊ शहाणे! नाही तर तुमच्या मिशा फाटकात उतरवायच्या."

पैज संपली की दोनच दिवसांनी लेकीचं लग्न. व्याह्यांवर वचक बसावा म्हणून विनुभाऊंनी मिशा तेल पाजून वाढवल्या होत्या. तरी गडी बोलून गेला, "लागली!"

पहिला आठवडा त्यांचा संडासाच्या वाटेवरच गेला. मग पोट अचानक गप्प झालं. चाळिसाव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या आतडं तपासणाऱ्या आंत्रदर्पणानं दोघांचाही अंक दाखवला, एक्याऐंशी.

"चढा गच्चीवर, ताई!"

"थांबा हो. हिरडा स्वतः काही करत नाही. पोटातले जिवाणू तो फोडतात, तेव्हा त्याचं औषध होतं. माझ्या मडक्यातले जिवाणू हिरड्यावरच पोसलेत, ते हे काम आधीच उरकतात." ताईंनी दोन काचपोटं, पोटासारखं काम करणाऱ्या काचेच्या बरण्या, पुढं केली. "दोन्हीत कच्चाच हिरडा टाकलाय. यात तुमच्या पोटातले पहिल्या दिवशी घेतलेले जिवाणू, हिरडा जसाच्या तसा. यात आजचे, हिरडा पार फुटलाय. आणि हे आजचे जिवाणू माझ्या मडक्यातले आहेत. तुमच्याकडं आले कुठून?"

"मले काय मालूम!"

"घरचं दही कशाचं लावता?"

विनुभाऊंचा चेहरा पडला. दुसऱ्या आठवड्यात घरचं दही बिघडलं, तेव्हा तेच वाटी घेऊन गावंड्यांच्या दारात उभे राहिले होते. ताईंच्या यजमानांनी मडक्यातलंच विरजण दिलं होतं.

"म्हंजे प्रक्रिया झाली?"

"झाली ना. फक्त मडकं तुमच्या पोटात होतं."

संध्याकाळी फाटकात खुर्ची मांडली. सगळी इमारत गोळा झाली, शिट्ट्या वाजल्या, मिशा उतरल्या. विनुभाऊ गालावर साबणाचा फेस घेऊन बसलेले असताना गाडीतून व्याही उतरले. मानपानाच्या याद्यांचा गठ्ठा छातीशी धरून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "भाऊ, ढोमणेसाहेब घरी आहेत का हो?"

विनुभाऊंनी मान खाली घातली. "वर हायेत. पन जपून बोलजा बाप्पा, लय कडक मानूस हाये."

व्याह्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चपला हातात घेऊन जिना चढू लागले.