निळ्या पडद्यामागची डिस्क

ही गोष्ट खरी आहे. गाव दारव्हा, जिल्हा यवतमाळ. माणसांची नावं तेवढी बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं लिहिलं आहे.

आणखी एक. अशा गोष्टी रात्रीच्याच असतात, असं सगळे धरून चालतात. ही भर दुपारची आहे. एप्रिलमधली, बाजाराच्या दिवसाची. रस्त्यावर माणसांची गर्दी होती, खाली रसवंतीचे घुंगरू वाजत होते, आणि वर माडीवर...

पण आधी माडीवर काय होतं ते सांगायला हवं.

पियुषचं बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे अर्ज. दुकानामागं घर आणि घराच्या माडीवर त्याचा सर्व्हर. म्हणजे एक लोखंडी रॅक, त्यात एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कच्या रांगा. त्यांच्यावर तो क्रिप्टोची शेती करायचा. शेतीच म्हणतात त्याला. आकड्यांच्या फायलींनी डिस्क काठोकाठ भरायची. एकेक फाइल म्हणजे जणू लॉटरीच्या तिकिटांचा गठ्ठा. दर थोड्या वेळानं नेटवरून एक आकडा येतो, सगळ्या डिस्क आपापल्या फायली चाळतात, जुळलं तर नाणं मिळतं. जागा जास्त, तर तिकिटं जास्त.

त्याची बायको दीपा माहेरी सांगायची, लोक कापूस पेरतात, आमचे हे डब्यात आकडे पेरतात. निंदण नाही, फवारणी नाही. पीकही नाही.

दुकानासमोर खेमसिंगचा फोटो स्टुडिओ होता. आजूबाजूच्या तांड्यांवरची लग्नं, बारशी, साखरपुडे, सगळं त्यानंच टिपलेलं. जिथं जाईल तिथं निळा पडदा ताणून चिमटे लावायचा. एकही सुरकुती चालायची नाही त्याला. समोर स्टूल. मग घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "हलू नका..."

क्लिक.

"झालं."

ते "झालं" ऐकू आल्याशिवाय कोणी श्वास सोडायचं नाही. त्यावरून पियुष त्याला फार चिडवायचा.

दिवाळीनंतर खेमसिंग अचानक गेला. स्टुडिओ रिकामा करताना त्याचा भाऊ पूनमसिंग त्याच्या सगळ्या डिस्क पियुषकडं घेऊन आला.

"लोकायचे फोटो हायेत यात. मले यातलं काही कळत नाही. कोणी मागायले आलं तर काढून देजो."

पियुष हो म्हणाला. पडदा आणि स्टूलही त्यानं ठेवून घेतलं. खिडकीतून धूळ यायची म्हणून पडदा रॅकसमोर टांगला.

उन्हाळा लागताना त्यानं सर्व्हर वाढवायला घेतला. मोठं कॅबिनेट आणलं, जास्तीचे पंखे, जड बॅटरीचा यूपीएस. पैसे तिथंच संपले. नव्या डिस्कचे भाव आभाळाला भिडलेले. कॅबिनेटमध्ये खाचा रिकाम्या, आणि कपाटात खेमसिंगच्या डिस्क नुसत्या पडून.

लग्नं होऊन गेली. अल्बम घरोघर पोचले. आता कोण मागायला येणार?

एका दुपारी त्यानं त्या पुसल्या आणि आकड्यांनी भरायला लावल्या. पूनमसिंगला विचारलं नाही. दीपालाही बोलला नाही.

खेमसिंगला पक्कं ठाऊक असलेली एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. लोक फोटो काढतात लग्नात. पण ते मागायला येतात घरातलं माणूस गेल्यावर.

महिनाभरात धावजी आला.

धावजी म्हणजे जवळच्या तांड्यावरचा म्हातारा. त्याची बायको सकरीबाई चार दिवसांपूर्वी गेली होती. मूलबाळ नाही. मोबाईल बटणांचा. तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. पुतण्याच्या लग्नात खेमसिंगनं तिचा एकटीचा फोटो काढला होता. अल्बममध्ये तो लागला नाही. कधीही या, देतो, असं म्हणाला होता.

पियुषनं आधारकार्डावरचा फोटो मोठा करून द्यायची तयारी दाखवली. धावजीनं कार्ड काढून पुढं धरलं. त्यात सकरीबाईचे डोळे मिटलेले होते.

"यात तर ती मेलेलीच दिसते," धावजी म्हणाला. "खेमसिंगच्या फोटोत हासली होती. मी बाजूलेच उभा होतो ना."

बघतो, म्हणाला पियुष.

त्या दिवशी त्यानं पुसलेले फोटो परत आणायचे जेवढे मार्ग ठाऊक होते तेवढे करून पाहिले. काही निघालं नाही. निघणारच नव्हतं. डिस्कवर जिथं माणसं होती तिथं आता टोकापासून टोकापर्यंत आकडे होते.

धावजी पुन्हा आला, तेव्हा पियुषनं त्याच्याकडं न पाहता सांगितलं, खेमसिंगच्या डिस्क खराब निघाल्या. जळाल्या.

म्हातारा पायरीवर बसला. मग म्हणाला, "जळाली तरी ती हाय ना त्यात?"

पियुषनं होकाराची मान हलवली.

"मंग फेकू नको. मलेच दे. फोटो नाही त नाही, तेच ठेवतो पाटावर."

खरी डिस्क वर रॅकमध्ये फिरत होती. ती काढून दिली असती तर...

पण पियुषनं खालचा खण उघडला आणि एक भंगार डिस्क काढली. ती खेमसिंगची नव्हतीच. कुणा गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमधली, कधीची बंद पडलेली. तिच्या खालच्या बाजूला त्यानंच मार्करनं 'भंगार' लिहिलं होतं. ती फडक्यानं पुसून त्यानं धावजीच्या हातात दिली.

धावजीनं ती दोन्ही हातांनी घेतली.

"जड हाय," म्हणाला, आणि टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला.

तेरवीचं बोलावणं आलं. दीपानं ओढूनच नेलं. पाटावर ती डिस्क होती. तिला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढं दिवा. बाया येत होत्या आणि त्या पत्र्याच्या डबीपुढं डोकं टेकवत होत्या. एकीनं तिच्यावरून हात फिरवला, जसा गालावरून फिरवतात.

पियुषलाही वाकावं लागलं.

परत येताना त्यानं दीपाला सगळं सांगितलं. ती गाडीवर मागं बसली होती. घर आलं. दारात म्हणाली, "त्यायले सांगून टाका. नाही त हे तुमाले सोडणार नाही."

पियुषनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. यूपीएसनं थोडा वेळ शिट्ट्या मारल्या आणि मान टाकली. सगळे पंखे थांबले. पियुष माडीवरच होता. तो आवाज चोवीस तास कानात असतो, म्हणून तो थांबला की कान दुखल्यासारखं होतं.

त्या शांततेत...

कोणीतरी घसा खाकरला.

पियुषला वाटलं, खालून आला असेल. तो जिन्यात डोकावला. कोणी नव्हतं.

मग पाठीमागून, अगदी जवळून, नेहमीच्या धंद्याच्या आवाजात...

"हलू नका..."

पियुष हलला नाही. हलूच शकला नाही. तो "झालं"ची वाट पाहत उभा राहिला.

ते आलंच नाही.

वीज आली. पंखे सुरू झाले. डिस्क एकेक करून फिरायला लागल्या.

त्यानंतर रोज काही ना काही. कोपऱ्यात ठेवलेलं स्टूल पडद्यासमोर मधोमध यायचं. पियुष ते परत कोपऱ्यात ठेवायचा. दीपा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की चिमटे कमी भरायचे. तिला वाटलं, माकडं नेतात.

एके दिवशी ती माडीवर झाडायला गेली आणि जिन्यातूनच तिनं हाक मारली.

"पडद्याले चिमटे तुमी लावले का?"

तो धावत वर गेला. निळा पडदा चारी बाजूंनी ताणलेला होता. दीपाचे चिमटे कडेकडेनं, सारख्या अंतरावर. एकही सुरकुती नव्हती.

दीपा त्या दिवसापासून माडीवर जात नाही.

आणि मग तो बाजाराचा दिवस.

दुपारची वेळ. धावजी दुकानात आला. बाजाराची पिशवी त्यानं खाली ठेवली, टॉवेल सोडला आणि डिस्क टेबलावर ठेवली. हळद अजून तिच्या खाचांत होती.

"घे बापू. ही तिची नोहे."

पियुषला वाटलं, कोणीतरी डिस्कखालचा 'भंगार' शब्द वाचून दाखवला असेल. तसं काही नव्हतं. धावजीनं कोणाला ती उलटी करूच दिली नव्हती.

"दोन दिवस झाले, ती येऊन राह्यली," धावजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसत नव्हतं. "दुपारी, मी ओट्यावर असतो तवा. म्हणे, काहून परक्याच्या डबीले हार घालून राह्यले? मी तिथं नाही. मी पियुषच्या माडीवर उभी हाय."

बाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत होते.

"म्हणलं, मंग ये ना घरी. त म्हणे, कशी येऊ? निळ्या पडद्यापाशी उभं केलं आमाले सगळ्याइले. खेमसिंग म्हणते, हलू नका."

माडीवरच्या आवाजाचं पियुषनं कोणाला सांगितलं नव्हतं. दीपालाही नाही.

"आमाले सगळ्याइले... असंच म्हणाली?"

"हो. लय लोकं हायेत म्हणे."

पियुष खुर्चीतून खाली उतरला आणि म्हाताऱ्याच्या पायाशी बसला. एका दमात बोलून गेला. डिस्क जळाली नव्हती. मीच पुसली. जागा पाहिजे होती म्हणून. तिचाच नाही, सगळ्यांचे फोटो पुसले. आणि तुम्हाला भंगार दिलं.

धावजीनं ऐकून घेतलं. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"मले कायले सांगतं? तिले सांग."

पियुष म्हणाला, वर चला माझ्यासोबत, काका.

म्हातारा जिन्यापर्यंत आला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि परत घेतला. वर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी नाही येत. मी दिसलो त ती हासंन. हलंन. मंग फोटो बिघडंन तिचा."

पिशवी उचलून तो बाजारात निघून गेला.

पियुष एकटाच वर गेला. स्टूल पडद्यासमोर होतं. वीज होती, पंखे चालू होते, डिस्कचे हिरवे दिवे पडद्याच्या कापडातून लुकलुकत होते. रोज तसेच दिसायचे. पण त्या दिवशी पडद्याच्या मागं, अंगाला अंग लागून पुष्कळ माणसं उभी असल्यावर जशी ऊब येते, तशी ऊब होती. सर्व्हर तापला असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नंतर तापमान पाहिलं. रोजचंच होतं.

पडदा बाजूला करायची त्याची हिंमत झाली नाही. तो हात जोडून म्हणाला, "सकरीकाकी, चुकलो."

पंख्यांच्या घरघरीखाली, दबलेलं, कोणीतरी हसल्यासारखं झालं...

आणि लगेच घसा खाकरला.

"हलू नका..."

या गोष्टीचा उलगडा झालेला नाही. पूनमसिंगला पियुषनं खरं काय ते सांगितलं. तो दुकानात यायचा थांबला. धावजी बाजाराला येतो, जिन्याकडं एकदा बघतो, निघून जातो.

शेती पियुषनं सोडली. ते प्रोग्राम केव्हाच बंद केले. पण सर्व्हर चालूच आहे. बंद केला तर आतल्या लोकांनी जायचं कुठं, हे त्याला कळत नाही. वीज जाऊ नये म्हणून त्यानं आणखी एक बॅटरी लावली आहे. दीपानं त्याबद्दल एकदाही टोमणा मारला नाही.

रोज दुपारी दुकान अर्धं ओढून तो माडीवर जातो आणि पडद्यासमोर उभा राहतो. आवाज रोज येतो.

"झालं" मात्र अजून आलेलं नाही.