चार बोटांची साथ

"सर, मी अगदी पहिल्यापासून शिकणार आहे... चालेल ना?"

भूमिकाने दारातूनच विचारलं. मेहरूण तलावामागच्या त्या घराच्या पाटीवर नुसतंच ‘पियानो शिकवला जाईल’ असं लिहिलेलं. आत पियानोसमोर एक उंच, सावळा तरुण एकटाच बसला होता. तेव्हा हेच मास्तर, दुसरं कोण?

तो जराही गडबडला नाही. गंभीर चेहऱ्याने बाकावर थोडा सरकला.

"बसा. या दोन काळ्या पट्ट्या दिसतात? त्यांच्या डावीकडची पांढरी... तिच्यावर अंगठा ठेवा."

तिने ठेवला. एक गोल, भरलेला सूर खोलीभर पसरला आणि तिच्या हातावर काटा आला.

"आणि पुढचा सूर?"

"पुढचा... मला तरी माहीत नाही. माझाही आज दुसराच दिवस आहे."

आतून ओढणी सावरत आलेल्या खऱ्या शिक्षिका, अर्शी मॅडम, खळखळून हसल्या. भूमिका मात्र कानापर्यंत लाल झाली.

त्याचं नाव जितेंद्र. मूळचा शिरपूरचा. जळगावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं त्याचं दुकान. वर्षापूर्वी डाव्या हाताची अनामिका मशीनच्या पट्ट्यात सापडली होती. बोट हलतं राहावं म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता.

"चेंडूचा कंटाळा आला," तो म्हणाला. "निदान याच्यातून आवाज तरी येतो. तुम्ही काय करता?"

"लॅबमध्ये रक्त घेते. दिवसभर लोकांची बोटं टोचते."

"बाप रे!" त्याने हात पाठीमागे नेला. "मग मी त्या टोकाला बसतो."

पण बसायचा तो शेजारीच. वर्गात बाकी सगळी आठ-नऊ वर्षांची मुलं. मोठी माणसं ही दोनच. मुलं भराभर पुढे निघून जायची आणि ही दोघं त्याच दोन ओळींवर ठेचकाळत राहायची. दर मंगळवारी वर्गाला यायला लॅबमधून निघताना भूमिका आता वेणी पुन्हा घालू लागली होती. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

मॅडमनी जानेवारीतल्या कार्यक्रमासाठी त्यांना एकच धून दिली. उजवा हात भूमिकाचा, डावा जितेंद्रचा.

"तुम्ही घाई करता," तो म्हणायचा.

"तुम्ही रेंगाळता."

"शेजारी कोण बसलंय... त्यावर असतं ते."

तिचा सूर चुकायचा. तो खिडकीबाहेर बघत हसायचा.

कार्यक्रमाला दोन आठवडे उरले आणि जितेंद्र आलाच नाही. "धुळ्याला बहिणीकडे आहे," मॅडम म्हणाल्या. "बोटाचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. आता त्या बोटाने वाजवता येणार नाही. माझं नाव काढून टाका म्हणाला."

तिने फोन केला, त्याने उचलला नाही. मग संदेश आला : ‘दुसऱ्या कोणासोबत वाजवा. छान वाजवाल.’

त्या ‘छान’चा तिला भयंकर राग आला. आणि मग, बराच वेळ, नुसतं रडू.

मॅडमकडून तिने पत्ता घेतला आणि रविवारी सकाळी धुळ्याची एसटी पकडली. जितेंद्र बहिणीच्या अंगणात हाताला बँडेज बांधून बसला होता. तिला बघून तो उठून उभा राहिला.

"बोट आता वळणार नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"म्हणून न सांगता पळून आलात?"

"वाटलं... वाजवताच येणार नसेल तर तुमच्या शेजारी बसायला मला कारणच उरणार नाही."

भूमिकाने पर्समधून एक कागद काढला. त्यांचीच धून. पण डाव्या हाताच्या ओळीत, कोणता सूर कोणत्या बोटाने ते सांगणाऱ्या आकड्यांत, अनामिकेचा आकडा जिथे जिथे होता, तिथे लाल शाईने खोडून शेजारच्या बोटाचा लिहिला होता.

"हे कोणी केलं?"

"मी. चार दिवस स्वतःचं ते बोट चिकटपट्टीने बांधून वाजवून पाहिलं. दोन ठिकाणी उडी मारावी लागते... पण जमतं."

तो कागदाकडे बघतच राहिला. मग त्याची नजर तिच्या हातावर गेली. अनामिकेवर चिकटपट्टीचा फिकट वळ अजून होता. त्याने उजव्या हाताने तो हात धरला, अगदी अलगद, आणि सोडलाच नाही.

तेवढ्यात शिरपूरहून आलेल्या त्याच्या आई, यशोदाबाई, चहाचे कप घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"जितू... हाई पोर कोन शे?"

"माय," तो म्हणाला, "मले हिनासंगे लगीन करनं शे. पन हिले आजून इचारेल नही."

"मंग इचार ना!"

तो वळला. पाण्याच्या शेकडो मोटारी दुरुस्त केलेला माणूस, आणि साधं एक वाक्य जुळेना. "तुम्ही... म्हणजे तुमची इच्छा असेल तर..."

"हो म्हणणार आहे मी," भूमिका म्हणाली. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "पण आधी ते ‘तुम्ही’ सोड बघू."