दहा वाजताची चौकशी

शहराच्या लष्कर भागातलं आमचं मराठी वाचनालय आणि बिर्लानगरचं मंडळ यांचं एकीकरण झालं, तेव्हा दोन्हीकडच्या मिळून एकोणीस सभासदांनी तीन बैठका घेतल्या. तिसऱ्या बैठकीत भिंतीवर कुणाचं घड्याळ टांगायचं ते ठरलं. मी पस्तीस वर्षं विनोदी सदर लिहिलं. अशा बैठकांत मला काही सुचावं लागत नाही, नुसतं बसलं की पुरतं.

दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकसारखे करण्याचं काम बिर्लानगरच्या विश्वासरावांकडे आलं. त्यांनी आमच्या मशीनवर नवी प्रणाली चढवली आणि दुसऱ्या दिवशी आम्हा अधू डोळ्यांच्या म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवणारा आवाज गेला. त्याच्या जागी एक गृहस्थ आले. त्यांना नाक नसावं.

तो आवाज शरयूचा होता. माझी मुलगी. माझा काचबिंदू वाढला तेव्हा दोन हिवाळे माडीवर बसून तिनं हजारो वाक्यं वाचली आणि त्यांतून हा आवाज घडवला.

"काका, अपग्रेडमध्ये बाहरचे सगळे सोर्स बंद होतात," विश्वासराव म्हणाले. "त्यांचं सामान बेवारस समजून काढून टाकतं."

मग त्यांनी समजावलं. प्रणालीचं स्वतःचं सॉफ्टवेअरचं कोठार असतं. दुसऱ्या कुणाचं खासगी कोठार जोडायचं तर एका फाइलीत त्याचा पत्ता लिहायचा आणि त्याची किल्ली जवळ ठेवायची. मशीन रोज ठरल्या वेळी प्रत्येक पत्त्यावर जातं आणि विचारतं, नवीन काही आहे का?

हे मला ठाऊक होतं. आमची वेळ दहाची. शरयूनंच लावलेली. पण समजावणाऱ्याला थांबवू नये; त्याचा दिवस चांगला जातो.

"पत्ता परत जोडा," मी म्हणालो.

त्यांनी पत्त्याच्या ओळीपुढची, ती बंद ठेवणारी फुली काढली. मी एरर येण्याची वाट बघत होतो. ते कोठार आमच्या घरातल्याच एका मशीनवर होतं. चार वर्षांपूर्वी मी ते मशीन भंगारात दिलं आणि कनेक्शनही कापलं.

"लागलं," विश्वासराव म्हणाले. "नवी आवृत्ती दाखवतोय. कोण बनवतं, काका?"

"मुलगी."

"वा. कुठे असते?"

वाचनालयातले जुने लोक हा प्रश्न विचारत नाहीत.

"बाहेर," मी म्हणालो.

आवाज तोच होता. पण चार वर्षांनी मोठा. वाक्य संपताना किंचित दम घ्यायची नवी सवय लागलेली. तिच्या आईला ती पस्तिशीत लागली होती. शरयू एकतिसाव्या वर्षी गेली.

विश्वासराव जेवायला गेल्यावर मी आवृत्तीसोबतचं टिपण वाचायला लावलं. तिनंच वाचलं, हवामान वाचावं तशा सुरात.

"या वेळी उशीर झाला. आम्ही दोघं एकाच तापात होतो, एकाच खोलीत. मी उठले. बाबा गेले. हा आवाज आता कुणी ऐकत नाही, तरी सुधारत राहीन."

त्या खोलीत दोन खाटा होत्या, हे खरं. ताप एकच, हेही खरं. पण उठलो होतो मी.

मी तीनदा ऐकलं. मग खाली जाऊन चहा प्यालो. साखर नव्हती, ते नंतर कळलं.

"तिकडे काही पाठवता येतं?" संध्याकाळी मी विश्वासरावांना विचारलं.

"नाही काका. कोठारातून फक्त घ्यायचं. हां, कोण आलं होतं ते मालकाला नोंदीत दिसतं. तेवढंच."

तेवढं मला पुष्कळ होतं. दहाची वाट कोण बघतो? मशीनला कसं विचारायला लावायचं ते मी शिकून घेतलं. दर तासाला. मग दर पाच मिनिटांनी. शरयू शाळेत असताना मी फाटकाशी उभा राहायचो, तेव्हा ती म्हणायची, बाबा, तुम्ही घरात थांबा ना.

आठव्या दिवशी नवी आवृत्ती आली. आवाजात बदल काही नव्हता. टिपण होतं.

"बाबांच्या वाचनालयातल्या मशीनच्या नावानं रोज दहाला कुणीतरी येतं. आता दिवसभर येतं. मी घरात एकटी असते. जो कोणी आहे, त्यानं कृपा करून येऊ नये."

'कृपा करून'पाशी आवाज थोडा हलला.

मी तिला कधीच घाबरवलं नव्हतं. लहानपणी बागुलबुवाच्या गोष्टीतला बागुलबुवासुद्धा मी विनोदी करायचो.

फाइल उघडली. भिंग लावून ओळ शोधली. तिच्यापुढे फुली माझ्या हातानं घातली.

आवाज मशीनवर राहिला. आता तो त्याच वयाचा राहील.

दोन महिने झाले. परवा विश्वासराव आमच्या मशीनच्या नोंदी तपासत होते.

"काका, आपलं मशीन तर आता कुठेच जात नाही. पण रोज दस बजे बाहेरून कोणीतरी येतंय."

"काय मागतं?"

त्यांनी पुन्हा पडद्यावर पाहिलं.

"मागत काही नाही. नवीन काही आहे का, एवढंच विचारतं. आणि जातं."