कस्मुरीची उशी

वारसिनीची मान आखडली त्याला आठवडा होऊन गेला होता. आधी तिनं लक्ष दिलं नाही. बातिक काढणाऱ्या बाईची मान दुखायचीच. दिवसभर मान मोडून कापडावर वितळलेल्या मेणाच्या रेघा ओढायच्या, म्हणजे दुसरं काय होणार? पण या वेळी मान उजवीकडे वळून तशीच बसली होती. समोरचं नवरीचं कापड बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागे. शेवटी तिनं मालीशवाल्या म्हाताऱ्या सार्पीला बोलावणं धाडलं. सगळं गाव तिला म्बाह, म्हणजे आजी, म्हणे.

दुपारचा नमाज उरकून म्बाह सार्पी खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. तिनं गरम मिठाची पुरचुंडी मानेवर फिरवली, अंगठ्यानं शिरा चाचपल्या आणि चौकशी सुरू केली.

"वाकून किती वेळ बसतेस?"

"दिवसभर, म्बाह."

"मधेमधे उठत जा की. दोन रेघा कमी पडल्या तर नवरी काही नागडी बसणार नाही. उशी उंच घेतेस?"

"नाही."

"मग निजतेस कुठल्या अंगावर?"

वारसिनीनं खाटेकडे पाहिलं. खाटेवर दोन उशा होत्या, दोन्ही सावरीच्या कापसाच्या. उजवीकडची कस्मुरीची, तिच्या नवऱ्याची. तीन महिन्यांपूर्वी तो मासे धरायला गेला तो परत आला नाही. होडीही सापडली नाही. गाव म्हणालं, त्याच्या नावानं जेवण घाल आता. तिनं घातलं नाही. त्याच्या डोक्याचा खळगा त्या उशीत तसाच होता, आणि त्या खळग्याकडे तोंड करून ती रात्रच्या रात्र पडून राहायची.

म्हातारीला ते न सांगता कळलं.

"उशा उन्हात टाक," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दोन्ही. छडीनं चांगल्या बडव आणि दिवस बुडायच्या आत घरात आण. मान आखडली की सगळे हेच करतात, तुला काय मी सांगायला हवं? तेल लावून मानेवर नाण्याची कड मी परवा ओढीन. आज शीर फार दुखरी आहे." उंबऱ्याशी तिला हसू आलं. "तुझा तो डावखुरा नाण्याची कड घासायचा तेव्हा लाल रेघा सगळ्या उलट्या कललेल्या. मी किती चिडवायची त्याला. पण तुला गुण यायचा तो त्याच्याच हाताचा."

त्या दुपारी वारसिनीनं एकच उशी उन्हात टाकली. स्वतःची. तेवढ्यानं निभावेल असं तिनं मनाला समजावलं. पण सकाळी मान आणखी ताठली होती, मेणाची लेखणी हातातून सुटली आणि लग्नाच्या कापडावर भला मोठा डाग पडला. असंच चाललं तर हातातलं काम जाणार, हे तिला कळत होतं.

मग ती कस्मुरीची उशी दोन्ही हातांवर आडवी धरून अंगणात घेऊन आली. चटईवर उशी दोन तास उन्हात राहिली. वारसिनीनं हात लावून पाहिला तर सगळी उशी तापलेली, आणि खळगा तेवढा गार.

"यायचं तर ये..." ती पुटपुटली. "नाहीतर सोड मला."

तिनं छडी उचलली. पहिल्या फटक्यालाच तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. उशी फुगून सगळीकडून सारखी झाली, खळगा गेला. घरातली त्याची शेवटची खूण आपण आपल्या हातानं पुसली, असं तिला वाटलं. ती तिथंच चटईवर पडली आणि रडता रडता तिचा डोळा लागला. मशिदीतला नगारा वाजला तेव्हा ती दचकून उठली. आभाळ लाल झालं होतं. घाईघाईनं उशी आत नेताना तिच्या लक्षात आलं, की मान दोन्ही बाजूंना वळते आहे.

दुसऱ्या दिवशी सार्पी आली. तिनं वारसिनीचा अंबाडा वर उचलला आणि तिचा हात थांबला.

"मी येऊन ओढीन म्हणाले होते ना... नाणं कुणाकडून ओढून घेतलंस?"

"कुणाकडूनच नाही."

"पोरी, रेघा उठल्यात. ताज्या." म्हातारीनं बोट फिरवलं. "उलट्या कललेल्या..."

वारसिनीचा हात मानेवर गेला.

"त्याचं तांब्याचं नाणं कुठं आहे?" म्हातारीनं विचारलं.

"त्याच्या कमरेला होतं... गेलं त्याच्याबरोबर."

सार्पीनं अंबाडा हळूच खाली सोडला. तेलाची बाटली तिनं उघडलीच नाही.

"किती दिवस टिकतात या, म्बाह?" वारसिनीनं विचारलं.

"चार दिवस. मग फिकट होतात." म्हातारी उठता उठता म्हणाली, "मोकळी झालीस ना? आता मोकळीच राहा."

वारसिनीनं चार दिवस खाली मान घालून काम केलं. कापड पुरं झालं. घर मात्र पूर्वीपेक्षा रिकामं वाटू लागलं, कारण आता वाट बघायलाही काही उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी मानेवर हात फिरवला तर कातडी गुळगुळीत लागली. त्या रात्री ती मुद्दाम उजवीकडे तोंड करून निजली, उशीशिवाय, मान अवघडेल अशी.

सकाळी मान जागची हलेना. तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

संध्याकाळी नगारा वाजला. दिवा न लावता ती खाटेच्या कडेला बसली. वळलेल्या मानेसमोर रिकामी भिंत होती आणि उघडं दार तिच्या पाठीशी. तिनं अंबाडा दोन्ही हातांनी वर धरला. दारातून ओल्या वाळूचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास आत आला. मग खोबरेल तेलाचा. थोड्या वेळानं गार तांब्याची कड तिच्या मानेला टेकली आणि सावकाश खाली उतरू लागली.

"तुम्हीच ना?" तिनं विचारलं.

मागं वळून पाहावं तर मान वळत नव्हती.

पाण्याचा एक थेंब तिच्या खांद्यावर पडला. मग दुसरा.